कोकणच्या किनाऱ्यावर पहिलं बोल्टेड लीड

कातळ चढाईत बोल्ट मारलेला रूट (चढाईची ठरलेली वाट) म्हणजे बिनधोक रूट, अशी नवशिक्यांची समजूत असते. लीडरने (सर्वांत आधी, खालून दोर घेऊन चढणाऱ्याने) मेखा ठोकत ठोकत सुळका चढायचा, त्या जुन्या सह्याद्री-पद्धतीशी ताडून पाहिलं तर ती अगदीच चुकीची नाही. बोल्ट आणि त्यांवरचे हँगर (कडी अडकवायच्या भोकाच्या पट्ट्या) आधीच दगडात बसवलेले असतात. आपण क्विकड्रॉ (पट्ट्याने जोडलेले दोन कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणाऱ्या कड्या) अडकवायचा, त्यात दोर टाकायचा आणि पुढे सरकायचं. घाटमाथ्यावर एवढ्यावर भागतंही. समुद्राकाठी मात्र खारं वारं त्या लोखंडाला बारा महिने खात असतं, आणि आपला जीव त्याच लोखंडावर टांगलेला असतो. म्हणून या लेखात हात कुठे घालायचा, पाय कसा रोवायचा हे थोडक्यात आहे. बोल्ट, दोर, भरती आणि वरून खाली येणं याबद्दल जास्त आहे.

लेख कोणासाठी, तेही आधीच सांगतो. टॉप रोपवर (दोर आधीच वरून लावलेला असताना) तुम्ही बऱ्यापैकी चढता, बिले (खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणं) देता येतो, एट नॉट (आठच्या आकड्यासारखी गाठ) अंधारातसुद्धा बिनचूक बसते, आणि आता स्वतः दोर वर घेऊन जायचा आहे. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगचा विश्वचषक झाला. तेव्हापासून मुंबई-ठाण्याकडची बरीच पोरं बोल्डरिंगमधून या खेळात येतात. त्यांच्या बोटांत ताकद भरपूर असते, पण बोल्डरिंगमध्ये दोरच नसतो. दोराचा हिशोब त्यांनाही पहिल्यापासून शिकावा लागतो, आणि तो वाचून पुरा होत नाही. पहिली काही लीड्स जाणत्या माणसाच्या नजरेखालीच करायची. गिरिविहारसारख्या, १९५४ पासून चालत आलेल्या संस्था मुंबईत आहेत, इतर शहरांतही गिर्यारोहण संस्था आहेत. कोणाचं तरी बोट धरा.

दिवस आणि वेळ

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. मार्चनंतर काळा कातळ तव्यासारखा तापतो, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावर जाण्यात काही अर्थ नाही.

कोकणात समुद्राकडे तोंड करून असलेला कडा बहुतेक पश्चिमाभिमुख असतो. म्हणजे सकाळी तो सावलीत. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, कोरडा असतो, होल्ड्स कोरडे राहतात. दुपारकडे वारा फिरतो, खारी हवा आत येते, हात ओलसर होतात आणि चॉक (हात कोरडे ठेवणारी पूड) कितीही लावला तरी बोटं घसरतात. त्यात ऊनही समोरून येतं. म्हणून उजाडता उजाडता कातळाच्या पायथ्याशी असायचं आणि अकरा-साडेअकराला आवरायचं. नऊ वाजता नाश्ता करून निघणाऱ्यांनी त्या दिवशी मासे खावेत आणि झोपावं.

पायथा भरतीच्या रेषेजवळ असेल तर आधी पंचांग काढा. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास भरते आणि पाणी सर्वांत वर चढतं. अष्टमीच्या सुमारास ती सकाळी सहाच्या आगेमागे येते. रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. उधाणाच्या दिवशी सकाळी सातला कोरडा ठणठणीत दिसणारा खडक अकराला पाण्याखाली असू शकतो आणि परतीची वाटही तीच असते. गावातल्या मच्छीमाराला विचारलं तर तो तिथीवरून तुमच्या मोबाइलपेक्षा आधी सांगेल, शिवाय ‘तिकडे लाट फुटते, बसू नका’ हेही सांगेल, जे मोबाइल सांगत नाही.

दगड ओळखा

उत्तर कोकणात, मुंबई-ठाणे-रायगडाकडे, बहुतेक कातळ बेसाल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. ज्या थरात दगड घट्ट, बारीक कणांचा आणि काळाकुट्ट असतो तिथे बोल्ट चांगला धरतो. काही थर भोकाभोकांचे असतात, भोकांत पांढरे खडे भरलेले. तिथे होल्ड्स मस्त मिळतात, पण ते उपटूनही येतात. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा, मातकट पट्टा दिसतो. त्या पट्ट्यात मारलेला बोल्ट मी धरतच नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे सड्यावरून खाली पाहिलं की लालसर कडा दिसतो, तो जांभा. घराचे चिरे ज्याचे काढतात तोच. कुऱ्हाडीने तासता येणाऱ्या दगडात बोल्ट काय धरणार? जांभ्याच्या कड्यावर कोणी बोल्ट मारलेले दिसले तर त्यांचा फोटो काढा आणि परत फिरा.

कातळ ठीक वाटला तरी होल्ड धरण्याआधी मुठीने हलकेच ठोका. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर तो भाग सोडून द्या. नारळ वाजवून घेणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

बोल्ट: खरी परीक्षा इथे

चांगल्या बोल्ट-हँगरला बोल्टच्या दांड्याला आडव्या येणाऱ्या ओढीत निदान २५ किलोन्यूटन झेपावे लागतात; ढोबळपणे अडीच टनांचं वजन. एवढं बळ तुमच्या पडण्यात कधीच येत नाही. म्हणजे नवा आणि नीट बसवलेला बोल्ट हा काळजीचा विषय नाही. बोल्ट जुना होणं हा विषय आहे.

जस्ताचा मुलामा दिलेला साधा पोलादी बोल्ट किनाऱ्यावर थोड्याच वर्षांत गंजतो. तो निदान दिसतो तरी: तपकिरी ओघळ, फुगलेला नट, खरखरीत हँगर. स्टेनलेस स्टीलचं दुखणं जास्त वाईट. समुद्राचं मीठ, उष्ण दमट हवा आणि धातूत आधीच असलेला ताण हे तिन्ही जमले की स्टेनलेसला आतून बारीक तडे जातात. वरून तो चकचकीत दिसतो आणि नुसत्या अंगाच्या वजनाने तुटतो. थायलंडमध्ये क्राबीच्या किनारी कड्यांवर हे अनुभवाने कळलं, आणि तिथे जुने बोल्ट काढून टायटॅनियमचे, रेझिनने चिकटवलेले बोल्ट घालायला सुरुवात झाली. स्टेनलेसच्या हँगरवर बऱ्याचदा ३०४ किंवा ३१६ असा पोलादाच्या प्रकाराचा आकडा ठोकलेला असतो. ३१६ खाऱ्या हवेत थोडा जास्त टिकतो, पण या तडे जाण्यातून तोही सुटत नाही.

म्हणून समुद्राकाठच्या रूटवर दोन प्रश्न आधी विचारायचे, ज्यांनी रूट बोल्ट केला त्यांना किंवा तिथे नेहमी जाणाऱ्यांना: धातू कोणता, आणि कोणत्या साली मारले? दोन्हींचं उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं तर त्या रूटवर लीड करू नका, बोल्ट कितीही देखणे असोत. वरून पायवाट असेल आणि मागे भक्कम झाडं असतील तर जाणत्याकडून टॉप रोप लावून घ्या. चढाई तीच, फक्त जीव बोल्टवर टांगलेला नाही.

उत्तरं समाधानकारक आली तरी प्रत्येक बोल्टपाशी पोचल्यावर तीन गोष्टी पाहायच्या. हँगर बोटाने फिरतो का? नट सैल आहे का? भोवतीच्या दगडाला तडा आहे का, किंवा चिकटवलेला असेल तर रेझिन सुटलंय का? हँगर एका धातूचा आणि बोल्ट दुसऱ्या धातूचा असेल तर तीही वाईट खूण, खाऱ्या ओलीत दोन धातू एकमेकांना खातात. हे सगळं पाहायला पाच सेकंद लागतात. एखादा बोल्ट शंकास्पद वाटला तर तो नाहीच असं धरून चालायचं आणि विचार करायचा: इथून पुढच्या बोल्टपर्यंत जाताना पडलो तर काय? उत्तर आवडलं नाही तर खाली या. परतताना खालच्या दोन चांगल्या बोल्टवर स्वतःचे कॅराबिनर सोडून यावे लागतील. ते तिथेच राहिले म्हणून हळहळू नका.

सामान

हार्नेस, हेल्मेट, शूज, चॉक, बिले डिव्हाइस हे तुमच्याकडे असेलच. बिलेसाठी ग्रिग्रीसारखं आपोआप अडकणारं उपकरण चांगलं, पण ब्रेकच्या दोरावरचा हात त्यामुळे सोडता येत नाही. क्विकड्रॉ रूटवर जितके बोल्ट तितके, वर अँकरसाठी (रूटच्या टोकाचे दोन बोल्ट) दोन आणि एखाददुसरा जादा. प्रत्येक क्विकड्रॉची एक बाजू बोल्टची आणि दुसरी, जिथे रबर असतं ती, दोराची. अदलाबदल करू नका. बोल्टने कॅराबिनरला पडलेली खरवड दोराला कापते. सेल्फ अँकरसाठी, म्हणजे वर स्वतःला अडकवून घ्यायला, एक स्लिंग (शिवलेला पट्टा) आणि तीन लॉकिंग कॅराबिनर.

दोराबद्दल मात्र जरा थांबून. आपल्याकडे गावोगावी रॅपलिंगचे, व्हॅली क्रॉसिंगचे कार्यक्रम होतात आणि त्या मंडळींकडे दोर असतो. तो उसना घ्यायचा मोह होतो. तो बहुतेक वेळा स्टॅटिक असतो. स्टॅटिक दोर जवळजवळ ताणत नाही, रॅपलिंगला तेच हवं असतं. लीडवर पडलात की न ताणणाऱ्या दोराचा सगळा झटका तुमच्या कंबरेला आणि बोल्टला बसतो, तोही किनाऱ्यावरच्या बोल्टला. लीडसाठी डायनॅमिक (ताणणारा) सिंगल रोपच हवा. त्याच्या टोकाशी वर्तुळात १ हा आकडा छापलेला असतो. जाडी साडेनऊ ते दहा मिलिमीटर, लांबी ६० किंवा ७० मीटर. रूट २५ मीटरचा असेल तर ६० मीटर पुरतो, कारण उतरताना दोर दुप्पट लागतो. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची, दर वेळी. लोअर करताना (वरच्याला दोराने खाली सोडताना) दोराचं टोक बिले डिव्हाइसमधून निसटणं ही या खेळातल्या नेहमीच्या अपघातांपैकी एक गोष्ट आहे, आणि ती एका गाठीने टळते.

जमिनीवर असतानाच

रूट निवडताना टॉप रोपवर ज्या ग्रेडवर (अवघडपणाच्या पायरीवर) श्वास लागत नाही त्याच्याही एक-दोन पायऱ्या खालचा घ्या. फ्रेंच ग्रेडमध्ये ५ए-५बीच्या आसपास. खालून उभं राहून बोल्ट मोजा, कुठे उभं राहून क्लिप करता येईल ते पाहा, अँकर कसा आहे तेही: साखळी, रिंगा की नुसते हँगर. नुसते हँगर असतील तर त्यातून थेट दोर घालून खाली यायचं नाही. हँगरची कड धारदार असते.

मग एकमेकांची तपासणी. बिलेअर तुमची गाठ आणि हार्नेसचं बक्कल पाहील, तुम्ही त्याचं डिव्हाइस, त्यात दोर योग्य बाजूने गेला आहे का, आणि कॅराबिनर लॉक आहे का हे हाताने दाबून पाहाल. डोळ्याने पाहणं पुरत नाही.

आणि एक बोलणं राहून जातं, जे लाटांच्या आवाजात वरून करता येत नाही: वर पोचल्यावर काय करणार? बिलेअर तुम्हाला लोअर करणार की तुम्ही स्वतः रॅपल करणार? हे जमिनीवर ठरवा. ‘लोअर’ ठरलं असेल तर ‘ऑफ बिले’ (म्हणजे ‘आता मला सोड’) हे शब्द त्या दिवशी उच्चारायचेच नाहीत. वरच्याला वाटतं खालचा धरून आहे, खालच्याला वाटतं वरचा स्वतः उतरेल, आणि मधल्या मध्ये दोर कोणाच्याच हातात नसतो.

साधं बोलणं असं असावं (‘टेक’ म्हणजे ‘दोर ताणून मला धर’):

‘वर पोचलो की टेक म्हणेन. तू मला बिलेवरच ठेव.’

‘बरं. मी डिव्हाइस काढणार नाही, तू काहीही ओरडलास तरी.’

चढताना

पहिला बोल्ट उंच असेल तर लाज न बाळगता बांबूच्या काठीला क्विकड्रॉ टेपने लावून खालूनच अडकवा. कोकणात बांबूला तोटा नाही. पहिल्या बोल्टपर्यंत बिलेअरने दोर धरून काही उपयोग नाही; त्याने हात वर करून तुम्हाला सावरायला उभं राहायचं. त्यानंतर तो भिंतीजवळ, तुमच्या थेट खाली नव्हे तर जरा बाजूला.

क्लिप करताना दोर दगडाच्या बाजूने येऊन बाहेर, तुमच्याकडे यायला हवा. उलटा गेला तर पडताना तो कॅराबिनरच्या गेटवर (उघडणाऱ्या दांडीवर) आपटून स्वतःच निसटू शकतो. गेटचं तोंड तुम्ही ज्या दिशेला जाणार त्याच्या विरुद्ध. आणि दोर नेहमी पायाच्या पुढे. पायामागे गेला तर पडताना उलटे व्हाल.

नवशिक्याची सगळ्यांत मोठी घाई क्लिपचीच असते. बोल्ट दिसला की हात लांबवून, टाचा उंचावून दोर टाकायचा. यातला धोका आकड्यांनी पाहा. समजा दुसरा बोल्ट ५ मीटरवर, तिसरा साडेसातवर. तुमची कंबरेची गाठ साडेसहा मीटरवर आहे. इथे नुसते पडलात तर गाठ दुसऱ्या बोल्टच्या दीड मीटर खाली, म्हणजे साडेतीनवर थांबते. त्यात दोराची सैल आणि ताण मिळून दोनेक मीटर जातात. पाय कसेबसे जमिनीच्या वर. आता तोच हात लांबवून तिसऱ्या बोल्टसाठी दोर ओढला असेल तर दोन मीटर जादा दोर बाहेर आहे. गाठ दीड मीटरवर येते, आणि दोर ताणायच्या आत तुम्ही जमिनीवर. बोल्ट कंबरेच्या पातळीवर येईपर्यंत वर सरका, चांगल्या पावठीवर उभे राहा, मग क्लिप करा. दुसऱ्या-तिसऱ्या बोल्टपर्यंत हे पाळलं की अर्धी लढाई जिंकली. त्यामुळे खालचे दोन बोल्ट पार होईपर्यंत बिलेअरनेही सैल कमी ठेवावी.

बाकी चढाईचं तंत्र टॉप रोपवर शिकलात तेच. पाय पाहून टाका, हात सरळ ठेवून लटका, घाबरलात तर ‘टेक’ म्हणा आणि बसा. ‘टेक’ म्हणण्यात कमीपणा नाही. न म्हणता थरथरत उभं राहण्यात मात्र पडणं ठरलेलं.

अँकरवर

वर पोचलात, समुद्र दिसला, फोटो काढावासा वाटतो. थांबा. रूटवरचा सगळ्यांत जोखमीचा भाग आता सुरू होतो, कारण इथे बांधलेली गाठ सोडायची आहे.

दोन्ही बोल्टमध्ये एकेक क्विकड्रॉ, दोन्हींत दोर, आणि ‘टेक’. आता स्लिंगने दोन्ही बोल्टना स्वतःला अडकवा, लॉक करा. अँकरच्या रिंगा पाहा: दोराने घासून खाच पडली आहे का? खाच खोल असेल तर त्या रिंगेवर लोअर होऊ नका, लॉकिंग कॅराबिनर सोडून या.

रिंगा ठीक असतील तर थोडा सैल मागा. गाठ आणि क्विकड्रॉ यांच्यामधला दोर दुहेरी पकडून त्याचा फास दोन्ही रिंगांतून घाला. त्या फासावर एट नॉट बांधा आणि लॉकिंग कॅराबिनरने हार्नेसच्या बिले लूपला अडकवा. लॉक फिरवा. हे झाल्यावरच जुनी गाठ सोडा आणि मोकळं टोक रिंगांतून ओढून घ्या. यात तुम्ही एका क्षणालाही दोराबाहेर नाही आणि दोर हातून खाली पडण्याची भीतीही नाही. फास रिंगेत मावत नसेल तर वेगळी पद्धत लागते, ती जमिनीवर, कमरेइतक्या उंचीवरच्या अँकरवर कोणाकडून तरी शिका. हीसुद्धा आधी तिथेच करून पाहा.

आता पुन्हा ‘टेक’. दोरावर बसा, स्लिंग अजून लागलेली असतानाच. स्लिंग ढिली झाली, वजन दोरावर आलं, रिंगांतून दोर सरळ गेला आहे हे डोळ्यांनी पाहिलं, की मगच स्लिंग काढा, क्विकड्रॉ काढा आणि लोअर व्हा. वाटेत एकेक क्विकड्रॉ काढत या.

तुमच्यामागून मित्र टॉप रोपवर चढणार असतील तर अँकरवर तुमचेच क्विकड्रॉ राहू द्या आणि सगळे त्यावरूनच खाली या. रिंगांतून फक्त शेवटच्या माणसाने यायचं. वाळू आणि मीठ लागलेला दोर रिंगेला कानशीसारखा घासतो, आणि इथे रिंग बदलायला कोणी दर वर्षी येत नाही.

इतर काही

आग्या मोहोळ दिसलं तर तो कडा त्या दिवशी बंद, कितीही लांबून दिसलं तरी. कर्नाळ्याच्या सुळक्यावर मोहोळं असतात हे प्रसिद्धच आहे, पण किनाऱ्यावरच्या कपारींतही ती असतात. अत्तर, डिओ लावून येऊ नका. माश्या उठल्या तर दोरावरच्याला ताबडतोब खाली घ्या आणि पळा, सामान नंतर. कपारीत हात घालण्यापूर्वी पाहा. कोकणात फुरसं असतं आणि ते दगडाच्याच रंगाचं. अपघात झाला तर १०८ ला फोन. तिथे रेंज येते का हे सकाळी पाहून ठेवा.

किल्ल्यांच्या तटांवर आणि लेण्यांवर चढायचं नाही, बोल्ट मारण्याचा तर विचारही नको. संरक्षित स्मारकांना इजा करणं कायद्याने गुन्हा आहे. कातळावर देवाचं स्थान असेल तर गावात आधी विचारा. बहुतेक वेळा कोणी अडवत नाही. एखादे काका दोर, हेल्मेट, सगळा जामानिमा पाहून ‘मागल्या बाजून वाट आसा मा रे!’ असं सांगतील. त्यांना हसून हो म्हणा.

घरी आल्यावर सगळं सामान गोड्या पाण्याने धुवायचं. क्विकड्रॉचे गेट उघडझाप करून बिजागरीतलं मीठ काढायचं, सावलीत वाळवायचं आणि बिजागरीत थोडं कोरडं वंगण. दोर साध्या पाण्यात बुडवून सावलीतच पसरायचा, उन्हात नाही. हँगर सैल, रिंग झिजलेली असं काही दिसलं असेल तर रूट सांभाळणाऱ्यांना कितवा बोल्ट आणि काय दिसलं ते फोटोसह कळवा. स्वतः पाना घेऊन नट पिळायला जाऊ नका. खाऱ्या हवेत अडकलेला नट पिळताना बोल्टच तुटू शकतो.